तिसरा शब्द

गॅसवाला खाली गल्लीत उभा राहून ओरडत होता, "पंडितजी, कोड बताइए!" आणि वेणीमाधव पाथ्रीकर मोबाइल कानाला लावून जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता. फोनवर त्याची बायको इंदू होती. ती एका हिंदी शाळेत शिकवायची. तिच्यामागे मधल्या सुट्टीचा गलका चालला होता.

"चार आकडे आहेत," ती म्हणाली. "सात, दोन, नऊ, पाच. सांगा त्याला."

"नौ, पाँच..." वेणीमाधवनं खाली ओरडून सांगितलं आणि तो थांबला.

"और पहले के दो?"

त्याआधीचं काही नव्हतं. विसरलेली गोष्ट निदान कुठंतरी घुटमळत असते, आत्ता आठवेल असं वाटत राहतं. हे तसं नव्हतं. इंदूचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला होता, आकडे चार होते हेही ठाऊक होतं; पण पहिले दोन जिथं असायला हवेत तिथं कोरी जागा होती. त्यानं पुन्हा विचारलं. इंदूनं पुन्हा सांगितलं. तेवढ्यात खालून गॅसवाला ओरडला आणि या खेपेला चारही आकडे पुसले गेले.

"अहो, लक्ष कुठं आहे तुमचं?" इंदू म्हणाली. "मेसेज टाकते मी. वाचून दाखवा त्याला."

मेसेज आला, त्यानं वाचून दाखवला, सिलिंडर वर आला. गॅसवाला हसत म्हणाला, "गुरुजी, पूरा वेद याद है और चार नंबर याद नहीं?" वेणीमाधवही हसला. दार लावल्यावर मात्र तो बराच वेळ दाराला पाठ टेकून तिथंच उभा राहिला.

तो घनपाठी होता. मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोल्यांत इंदू आणि तो राहायचे; मुलगी मालविका लग्न होऊन नागपूरला होती. भोसले घाटाजवळच्या एका वेदपाठशाळेत तो तरुणपणापासून शिकवत होता आणि आता पन्नाशी ओलांडली होती. बनारसमध्ये संहिता म्हणणारे पुष्कळ होते, मंत्र जसाच्या तसा म्हणणारे. क्रमपाठ करणारेही होते. त्यात शब्द दोन-दोन घ्यायचे: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा. घन म्हणणारे मात्र थोडे. घनात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला आणि पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा असा फेरा असतो. तो पुरा झाला की एक शब्द पुढे सरकून तोच फेरा नव्यानं. शब्द पाठ असतात, पण त्यांची ही उलटापालट म्हणता म्हणता मनात करावी लागते. वेणीमाधवला त्याचे कष्ट कधी जाणवलेच नव्हते. घन म्हणताना तो बाहेर नावाडी कुणाशी भांडतोय तेही ऐकत असे.

गेल्या पौषात, आंघोळ करताना, त्याच्या हातातला तांब्या सुटला. इंदूला हाक मारायला गेला तर तोंडातून भलतेच शब्द आले. रुग्णालयात नेलं, तपासण्या झाल्या, मेंदूच्या डाव्या बाजूला लहानसा झटका आहे असं कळलं. संध्याकाळपर्यंत जीभ वळू लागली. दुसऱ्या दिवशी त्यानं खाटेवर उठून बसून एक अख्खा अध्याय म्हणून दाखवला. एक स्वर चुकला नाही. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोनं हात जोडले. पाठशाळेतला त्याचा धाकटा सहकारी दत्तात्रेय भेटायला आला होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाठ शाबूत आहे म्हणजे सगळं शाबूत आहे," तो म्हणाला. सगळ्यांनी तेच मानलं. वेणीमाधवनंही.

घरी आल्यावर हळूहळू लक्षात यायला लागलं. इंदू म्हणायची, "येताना कोथिंबीर, दही आणि माझ्या गोळ्या आणा," आणि तो नुसत्या गोळ्या घेऊन परत यायचा. मालविका फोनवर लांबलचक काही सांगायची आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात हातून निसटलेली असायची. शेवटच्या दोन शब्दांवरून काय विषय असेल याचा तो अंदाज बांधायचा आणि "बरं, बरं" म्हणायचा. गल्लीतून मोटरसायकल गेली, घाटावरचा लाऊडस्पीकर लागला, की ते दोन शब्दही जायचे. त्यानं खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली. उन्हाळा तोंडावर आला होता आणि खोल्या कोंदट व्हायला लागल्या, तरी तो उघडू देईना.

"श्वास कोंडतो हो माझा इथं," इंदू म्हणायची.

"धूळ येते," तो म्हणायचा.

गॅसवाला येऊन गेला त्या दुपारी त्यानं स्वतःचीच परीक्षा घ्यायची ठरवलं. आसन घातलं आणि संहिता म्हटली. ती नेहमीसारखी वाहत गेली. क्रम म्हटला, दोन-दोन शब्दांच्या जोड्या नीट लागत गेल्या. मग घन धरला. पहिला-दुसरा. दुसरा-पहिला. पहिला-दुसरा-तिसरा. इथवर ठीक. आता तिसऱ्याकडून मागे यायचं होतं. तिसरा, दुसरा... आणि पहिला नव्हता. तो शब्द त्याला लहानपणापासून येत होता, संहितेत म्हटला असता तर आपोआप आला असता. पण आत्ता, या घटकेला हातात धरून ठेवलेला तो शब्द हातात राहिला नव्हता. त्यानं परत सुरुवात केली. परत तिथंच. घामानं उपरणं भिजेपर्यंत तो तेवढ्याच तीन शब्दांभोवती फिरत राहिला. एखाद्या खोलीत कोंडलेला माणूस चारही भिंती चाचपून पाहतो, तसा तो प्रत्येक वेळी थोड्या निराळ्या गतीनं, निराळ्या सुरात तिसऱ्या शब्दापर्यंत जायचा आणि तिथून परत यायचा.

घनपाठी घन म्हणू शकत नाही, हे कुणाला सांगायचं?

आणि सांगायची सोयही नव्हती. चैत्रात रामनगरला एक विद्वत्सभा भरायची होती आणि तिथं त्याचा शिष्य वेदांत घनपाठाच्या परीक्षेला बसणार होता. वेदांतचे वडील परभणीकडून रेल्वेच्या नोकरीत बनारसला आलेले. मुलानं वेद शिकावा अशी घरात कुणाचीच इच्छा नव्हती. तो हट्टानं आला होता आणि आठ-दहा वर्षं टिकला होता. आता दाढी-मिशा फुटलेला, रुंद खांद्यांचा तरुण झाला होता. बोलताना अर्धं हिंदी बोलायचा, म्हणताना मात्र त्याचा एक वर्ण ढळायचा नाही. वेणीमाधवला वाटे, आपल्यामागं हाच.

रोज सकाळी वेदांत पाठशाळेच्या वरच्या खोलीत त्याच्यासमोर बसून म्हणायचा आणि वेणीमाधवनं ऐकायचं. चूक झाली की तिथंच थांबवायचं. ऐकणारा नुसता ऐकत नाही. तोही आतून बरोबर म्हणत असतो, मागचं धरून ठेवतो, म्हणून त्याला चूक कळते. वेणीमाधवच्या हाती फक्त शेवटचे दोन शब्द उरत. ते बरोबर असले की सगळं बरोबर वाटायचं. वेदांत म्हणत जायचा, तो मान हलवत राहायचा, आणि ती मान हलवणं दिवसेंदिवस जड होत चाललं होतं. वर्ग सुटला की त्याला मानेपासून खांद्यापर्यंत दुखे.

एका सकाळी दत्तात्रेय काही कामानं वर आला आणि दारातच थबकला. थोडं ऐकून म्हणाला, "अरे वेदांत, तू कुठं गेलास?"

वेदांत थांबला.

"अशी ओळ दोन ठिकाणी येते," दत्तात्रेय म्हणाला. "तू पहिल्या ठिकाणाहून निघालास आणि दुसऱ्या ठिकाणच्या वाटेला लागलास. केव्हाचा! गुरुजी, तुम्ही..."

दोघंही वेणीमाधवकडे बघायला लागले. खरंच, तोही वेदांतच्या मागोमाग त्या दुसऱ्या वाटेवर गेला होता आणि त्याला पत्ताही नव्हता.

"मी मुद्दामच थांबवलं नाही," वेणीमाधव म्हणाला. आवाज शांत ठेवला. "म्हटलं, त्याचं त्याला कळतंय का बघावं."

दत्तात्रेयनं मान डोलावली. वेदांतचा चेहरा उतरला. "क्षमा असावी गुरुजी. मला समजलंच नाही."

त्या दिवसापासून वेदांत बिचकून म्हणायला लागला. पूर्वी गुरुजी गप्प असले म्हणजे आपलं बरोबर चाललंय असा त्याचा विश्वास होता. आता गुरुजी गप्प असले तरी तो मध्येच थांबायचा आणि विचारायचा, "बरोबर आहे ना?" आणि वेणीमाधव म्हणायचा, "बरोबर आहे."  खरं सांगावं तर ते खोटं उघडं पडेल. न सांगावं तर पोरगा सभेत आपटेल. पाठशाळेतून घरी यायला त्याला आता दुप्पट वेळ लागे. तो मधेच एखाद्या ओट्यावर बसून राही. तिथं निदान कुणी काही विचारत नव्हतं.

घरात इंदू विचारायची. कानाच्या डॉक्टरकडे तीच घेऊन गेली होती. कान उत्तम निघाले. ते कळल्यावर तिला जास्तच वाईट वाटलं. एका संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरातून येऊन पदराला हात पुसले आणि ती त्याच्यासमोर बसली.

"कानाला काही झालेलं नाही. म्हणजे तुम्ही माझं ऐकतच नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली. आता माझ्या बोलण्यात ऐकण्यासारखं काही उरलं नसेल, तर तसं सांगा."

त्याला फक्त "तसं सांगा" एवढंच धरता आलं. पण तिचा चेहरा त्याला दिसत होता.

"काय सांगू?" तो म्हणाला.

इंदूच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मग अचानक ती थांबली. शाळेतल्या मुलांकडे बघतात तशी त्याच्याकडे निरखून बघत तिनं सावकाश विचारलं, "मी आत्ता काय म्हटलं?"

त्यानं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"अहो, मी आत्ता काय म्हटलं ते सांगा."

"तसं सांगा, म्हणालीस."

"त्याच्या आधी?"

बंद खिडकीच्या फटीतून घाटावरच्या आरतीचा आवाज येत होता. वेणीमाधवनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नाही राहत, इंदू," तो म्हणाला. "जुनं सगळं आहे. नवीन कानावर पडलेलं राहत नाही. दोन शब्द राहतात. तिसरा आला की पहिला जातो. घनसुद्धा गेला माझा."

इंदू उठून त्याच्याजवळ बसली.  मग तिनं उठून खिडकी उघडली, आणि त्यानं या वेळी अडवलं नाही.

रुग्णालयातल्या डॉक्टरबाई हिंदी बोलणाऱ्या होत्या, तरुण होत्या, आणि घाईत नव्हत्या. त्यांनी आकडे म्हटले. एक आकडा त्यानं परत म्हटला. दोन म्हटले. तीन आले तेव्हा त्याला शेवटचे दोनच सांगता आले. मग बाईंनी ड्रॉवरमधून आकड्यांच्या पाट्या काढल्या आणि एकेक दाखवून झाकून ठेवत गेल्या. तीन त्याला आले. चार आले. पाचही आले. तो चकित होऊन पाट्यांकडे बघत राहिला.

बाईंनी तोडून तोडून, थांबत समजावलं. कानावर पडलेला आवाज मेंदू काही क्षण धरून ठेवतो. आपण तो मनातल्या मनात घोळवतो, तेव्हा तो थोडा जास्त टिकतो. त्या धरून ठेवण्याच्या जागेला इजा झाली आहे. पाठ झालेलं दुसरीकडे असतं, त्याला धक्का नाही. डोळ्यांनी पाहिलेलं धरण्याची सोय आणखी वेगळी. तीही जवळजवळ ठीक आहे.

"ये ठीक होगा?" त्यानं विचारलं.

"थोड़ा सुधर सकता है," बाई म्हणाल्या. "पूरा होगा, ऐसा वादा मैं नहीं करूँगी."

तेवढं त्याला पुरतं कळलं. परतताना रिक्षात इंदू म्हणाली, "वेदांतला सांगा." दोनच शब्द. त्याला वाटलं, ही आतापासून मोजून बोलायला लागली. त्याला तिची कणव आली आणि रागही आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं वेदांतला खाली बसवलं आणि सांगितलं. सगळं, दत्तात्रेयसमोर मारलेली थापसुद्धा. वेदांत ऐकत होता. त्याच्या मानेची शीर फुगत गेली.

"मतलब मी इतके दिवस एकटाच म्हणत होतो?" तो म्हणाला. "तुम्ही समोर बसला होतात आणि मी एकटाच होतो?"

"हो."

"सभा महिन्यावर आली, गुरुजी. माझ्यात किती चुका बसल्या असतील, तुम्हाला तरी ठाऊक आहे का?" आवाज चढला आणि मग तो आणखी पुष्कळ काही बोलला. बाहेर कुणीतरी हातोडीनं काही ठोकत होतं. वेणीमाधवला त्यातलं फारसं धरता आलं नाही. शेवटचं तेवढं राहिलं: "...विश्वास होता."

वेदांत दत्तात्रेयकडे जायला लागला. वरच्या खोलीत वेणीमाधव एकटा बसू लागला. पाठशाळेत एव्हाना सगळ्यांना कुणकुण लागली होती. कुणी तोंडावर काही म्हणत नव्हतं, फक्त त्याच्याशी मोठ्यानं बोलू लागले होते, जणू तो बहिरा झाला होता. मोठ्यानं बोललेलं उलट लवकर निसटतं, हे त्यांना समजावून सांगण्यात अर्थ नव्हता.

रिकाम्या खोलीत तो संहिता म्हणायचा, आणि म्हणताना त्याचा उजवा हात चालायचा. त्यांच्या शाखेत स्वर हातानं दाखवतात: हात वर जातो, खाली येतो, बाजूला वळतो. शब्दाच्या शेवटी ‘म्’ आला की मूठ मिटते, ‘त्’ आला की अंगठा आणि तर्जनी जुळतात. हे त्यानं आयुष्यभर केलं होतं, पण हाताकडे कधी पाहिलं नव्हतं. आता तो पाहत होता. डॉक्टरबाईंच्या पाट्या त्याला आठवत होत्या. घन मनात म्हणणं त्याला जमत नव्हतं; पण संहितेतला पुढचा शब्द कोणता, हे हाताला ठाऊक होतं. कुणी समोर घन म्हणत असेल, तर त्याचा एक फेरा संपला की आपण हातानं एक शब्द पुढे सरकायचं, आणि आपला हात नि त्याचा हात ताडून पाहायचा. त्यासाठी मागचं काही धरून ठेवायला नको. हे कुणाला दाखवावं असं मात्र त्याच्या मनात आलं नाही. कोण बसणार होतं समोर?

सभेच्या दिवशी तो रामनगरला गेला. इंदूनं विचारलं, "जायलाच हवं?" तो म्हणाला, "हो." पुलावरून ऑटोनं जाताना तो नदीकडे बघत होता. मंडपात पंखे घरघरत होते आणि माईक मधूनच किंचाळत होता. तो मागच्या रांगेत बसला. दत्तात्रेयनं त्याला पाहिलं आणि पुढे यायची खूण केली. तो कसाबसा पुढे सरकला आणि खांबाजवळ बसला.

वेदांत सुंदर म्हणत होता. पंख्यांच्या घरघरीत वेणीमाधवच्या कानी शब्दांची नुसती लाट येत होती आणि जात होती. त्यातलं काहीच टिकत नव्हतं. म्हणून त्यानं ऐकणं सोडून दिलं. उपरण्याखाली त्याचा हात चालू झाला आणि नजर वेदांतच्या हातावर खिळली. दोन्ही हात बरोबर चालले होते. कितीतरी वेळ बरोबर चालले होते. आणि मग वेणीमाधवचा अंगठा तर्जनीला टेकला, आणि समोर वेदांतची मूठ मिटली.

त्यानं दत्तात्रेयकडे पाहिलं. दत्तात्रेय डोळे मिटून ऐकत होता. सकाळपासून दोन विद्यार्थ्यांचं ऐकून तो थकला होता. अध्यक्षस्थानी बसलेले वृद्ध आचार्य मान हलवत होते. कुणालाच काही वाटलं नव्हतं. म्हणजे चूक आपलीच असेल. आपण एक शब्द मागे-पुढे झालो असू.  थांबवलं आणि आपलं चुकलं, तर पोराची परीक्षा मोडेल; तीही आपल्याचमुळे, दुसऱ्यांदा. नाही थांबवलं तर... पुढचा शब्द आला. हात पुन्हा जुळले नाहीत.

"थांब!" तो उभा राहून म्हणाला.

 वेदांत म्हणायचा थांबला आणि पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यानं त्याच्याकडे बघायला लागला.

"क्या अशुद्धि हुई?" आचार्यांनी विचारलं. "उसने क्या बोला, बताइए."

हेच त्याला सांगता येणार नव्हतं. वेदांत काय बोलला ते त्याच्याकडे नव्हतं. सगळ्या मंडपासमोर तो तोंड उघडं ठेवून उभा होता, आणि त्याला वाटलं, महिनोन्‌महिने ज्या खोलीत आपण कोंडले गेलो तिच्या भिंती आता सगळ्यांना दिसताहेत.

"जे बोलला ते मला सांगता येत नाही," तो मराठीतच म्हणाला, मग हिंदीत सांगायला लागला. "मुझे बीमारी है. सुना हुआ मेरे पास ठहरता नहीं. पर उसका हाथ गलत गया. वहाँ मुट्ठी नहीं आती." आणि त्यानं स्वतःचा हात वर करून अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली.

मागं कुणीतरी हसलं. आचार्य हसले नाहीत. त्यांनी वेदांतला दोन फेरे मागून म्हणायला सांगितलं. वेदांतनं सुरुवात केली, त्या शब्दापाशी आला, त्याची मूठ मिटायला लागली, आणि अर्ध्यावर थांबली. तो हाताकडे बघत राहिला. मग बोटं उघडली, अंगठा तर्जनीला लावला, आणि शब्द सुधारून तो पुढे गेला.

"ठीक," आचार्य म्हणाले. "आगे चलिए."

वेदांत उत्तीर्ण झाला. एक दोष धरला गेला. त्यानं फार बिघडलं नाही. लोक त्याच्याभोवती गोळा झाले, शाल आली, फोटो निघाले. वेणीमाधव बाहेर येऊन चपला शोधत होता. तेव्हा वेदांत गर्दीतून वाट काढत आला, वाकून पाया पडला आणि भरभर काहीतरी सांगू लागला. माईकवरून पुढच्या विद्यार्थ्याचं नाव पुकारत होते.

"थोडं थोडं सांग," वेणीमाधव म्हणाला.

वेदांत गप्प झाला. मग एकेक तुकडा करून म्हणाला, "मी अजून रागावलो आहे." थांबला. "पण आज तुम्ही उभे राहिलात." पुन्हा थांबला. "पुढचं मी दत्तात्रेयगुरुजींकडेच शिकणार."

"तेच बरोबर आहे," वेणीमाधव म्हणाला. हे त्याला खरोखर वाटत होतं, आणि तरी तो मान खाली घालून पुन्हा चपला शोधायला लागला.

पाठशाळेच्या व्यवस्थापकांनी घनाचा वर्ग दत्तात्रेयला दिला. वेणीमाधवकडे नवी, लहान मुलं आली. त्यांना मंत्र दोन-दोन शब्दांत द्यायचा आणि ती जे म्हणतील ते हातावरून तपासायचं, एवढं त्याला करता येत होतं. मुलं हात भलतीकडेच नेत. तो त्यांची मनगटं धरून जागेवर आणी. पूर्वी त्याला हे काम कंटाळवाणं वाटायचं. आताही वाटे. दुपारी वरच्या मजल्यावरून घनाचा आवाज येई. त्यातले दोन शब्द त्याच्याकडे थांबत आणि जात. कधी कधी तो मुलांना सुट्टी देऊन लवकर घरी निघून जाई.

घरी इंदू छोटी वाक्यं बोलायला शिकली होती. भाजी कोणती करू. मालविकाचा फोन होता. वीज गेली होती. तिचं बोलणं आता पोस्टातून येणाऱ्या तारेसारखं झालं होतं, आणि पूर्वी ती किती बोलायची हे तिच्या गप्प राहण्यावरून त्याला कळायचं.

आषाढात एकदा ती शाळेतून आली तीच हसत. पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागली. कुणी एक शिक्षिका, मुख्याध्यापकांचा चष्मा, एक माकड, खिडकी. एवढे तुकडे त्याच्या हाताला लागले आणि सुटले. ती हातवारे करत होती, मधेच हसू आवरून पुन्हा सुरू करत होती, डोळे पुसत होती. तिला छोटी वाक्यं करायची आठवणच राहिली नव्हती. तो तिच्याकडे बघत बसला.

शेवटी ती थांबली आणि दम घेत म्हणाली, "कळलं का?"

"नाही," तो म्हणाला.

"मग मला थांबवलं का नाहीत?"

"तू हसत होतीस."

इंदू त्याच्याजवळ खाली बसली. तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. माकड आलं. खिडकीतून आलं. चष्मा टेबलावर होता. तुकडे करताना त्यातली गंमत निघून गेली, हे दोघांनाही कळलं. तरी तिनं शेवटपर्यंत सांगितलं, आणि त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.